अंक कुणी वाचतं का?

कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम करून मुलं नेमकं काय शिकतात, यावर माझ्या ओळखीच्या एका मामा-भाचीचं कधीच एकमत झालेलं नाही. मामांचा नगरला छापखाना आहे. छपाईचे खिळे जुळवण्यात हात बसला, मग ट्रेडल यंत्र विकून ऑफसेट घेतलं. आता लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल आणि हंगामात कॉलेजांचे अंक छापतात. भाची जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या कॉलेजात शिकली आणि शेवटच्या वर्षी अंकाची सगळी मांडणी तिनं केली. हल्ली पुण्यात पुस्तकांची पानं लावायचं काम करते. दोघांना समोरासमोर बसवून मी वाद होऊ दिला. गाडी उसाच्या भावाकडे वळली तिथं मात्र कात्री चालवली आहे.

मामा : आधी मला सांग, तो अंक वाचला कुणी?

भाची : सुरुवातच अशी करणार असाल तर मामा, चहा घेऊ आणि उठू.

मामा : अगं, राग नको धरू. मी हे अंक छापतो, गठ्ठे बांधून पोचवतो. पुढच्या वर्षी नवे गठ्ठे घेऊन गेलो की मागचे जिन्याखाली तसेच असतात, सुतळीसुद्धा सुटलेली नसते. आत काय असतं? पदाधिकाऱ्यांचे फोटो, शुभेच्छा, मनोगत. मग एनएसएस, एनसीसी, जिमखाना, वाङ्मय मंडळ यांचे अहवाल. मग कविता. आई, बाप, पाऊस, स्त्रीभ्रूणहत्या, मोबाइलचे दुष्परिणाम. शेवटी हिंदी विभाग, इंग्रजी विभाग. विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेला एक प्रत जाते, तेवढी कोणीतरी उघडून बघत असेल. हे सजवून तू काय शिकलीस? मांडणी वाचणाऱ्यासाठी करायची असते. वाचणारा आहे कुठं?

भाची : आहे. तुम्हाला दिसत नाही, कारण तो अख्खा अंक वाचत नाही. त्याचं नाव ज्या पानावर आहे तेवढं वाचतो. आमच्या वर्गात पाथर्डीकडची एक मुलगी होती. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला. तिनं कोपीवरच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतल्या दिवसांबद्दल दीड पान लिहिलं होतं. पहाटे गाडी भरायची वेळ, तोडकऱ्यांच्या मुलांची साखरशाळा कधी असायची कधी नसायची, असं सगळं. तो अंक तिनं गावी नेला. घरात, भावकीत, गावातल्या गुरुजींकडे, सगळीकडे तेवढं दीड पान फिरलं. त्यातल्या एकाही माणसानं प्राचार्यांचं मनोगत वाचलं नसेल, पण ते दीड पान अक्षर न् अक्षर वाचलं गेलं. तिचं आडनाव चुकलं असतं तर चाललं असतं का?

मामा : नाव चुकलं की फोन येतो, हे खरं. लेख चुकला तर कधी येत नाही.

भाची : मग झालं तर. शंभर पानांच्या अंकाला शंभर वेगवेगळे वाचक आहेत आणि प्रत्येक जण आपलं पान डोळ्यांत तेल घालून बघणार आहे. हे एकदा लक्षात आलं तेव्हा मी अनुक्रमणिकाच बदलली. पूर्वी विभाग, मग शीर्षक, मग बारीक अक्षरात नाव असायचं. मी नाव आधी घेतलं, त्यापुढे गाव आणि वर्ग, मग शीर्षक. पोरं अंक हातात आला की काय शोधतात? स्वतःला. मग ते लगेच सापडू दे की.

(हे मला माहीत नव्हतं. मी तो अंक मागवून पाहिला. अनुक्रमणिकेत जामखेड, शेवगाव, अकोले, कोपरगाव अशी गावं एकाखाली एक आली आहेत आणि जिल्हा केवढा पसरलाय ते एका पानात कळतं.)

मामा : हे डोकं चांगलं चाललं, मान्य. पण त्याला संपादन म्हणतात. तू जे शिकले शिकले म्हणतेस ते सॉफ्टवेअर. मी सांगतो त्याचं काय होतं. मी खिळे जुळवायला शिकलो. समोर केस, हातात स्टिक, ओळ उलटी जुळवायची आणि उलटीच वाचायची. जोडाक्षरांचे खिळे वेगळे, मात्रा-वेलांट्यांचे वेगळे, कुठला कोणत्या खान्यात ते हाताला पाठ. डोळे मिटून 'ज्ञ' काढायचो. मग डीटीपी आलं. चांगले चांगले जुळारी घरी बसले. कुणी रसवंती टाकली, कुणी बँकेत शिपाई झाला. त्यानंतर आलं पेजमेकर. त्यावर पोटं भरली लोकांनी आणि ते कंपनीनंच बंद केलं. तुझं इनडिझाइनसुद्धा जाणार. आता तर पोरं मोबाइलवर कॅनव्हा उघडतात, तयार साचा घेतात, त्यात आपला फोटो टाकतात.

भाची : बरं. खिळे गेले. मग तुमच्याकडे काय राहिलं?

मामा : काय राहणार?

भाची : राहिलं नसतं तर तुम्ही माझ्या पहिल्याच प्रूफावर 'हा ल कुठला आणलास' असं ओरडला नसता.

हा प्रसंग थोडा उलगडून सांगायला हवा, कारण वादाची खरी गंमत इथं आहे. भाचीनं सुरुवातीला पानं 'मंगल' या फॉन्टमध्ये लावली होती, संगणकात आधीपासून होता म्हणून. मंगल र. कृ. जोशींनी घडवलेला, म्हणजे आपल्याच माणसाचा. पण तो देशभराच्या देवनागरीसाठी आहे, त्यामुळे त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहायचा, असं राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात सांगितलेलं आहे. मामांनी तो निर्णय वाचलेला नाही. त्यांच्या बोटांना पाकळीच्या ल चा खिळा आठवतो, एवढंच.

भाची : मग मी फॉन्ट शोधत बसले. 'टिरो देवनागरी मराठी' नावाचा एक मोफत मिळतो, ल आणि श आपले. मजकुराला छान. पण त्याला ठळक वळणच नाही, शीर्षकं अंगात ताप असल्यासारखी दिसायला लागली. शीर्षकांना 'मुक्ता' घेतला. या दोघांची उंची जुळवायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात साचा वापरणाऱ्याचा अख्खा अंक झाला असता. पण त्याला ल कुठला ते कधीच कळलं नसतं.

मामा : आणि वेलांट्या?

भाची : सांगतेच. इनडिझाइनमध्ये एक सेटिंग असतं, वर्ल्ड-रेडी कंपोझर. ते लावलं नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात. मला वाटलं फाइल बिघडली. त्याहून वाईट म्हणजे मजकूर दोन वाटांनी येत होता. ऑफिसातले अहवाल श्री-लिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, मुलांचे लेख व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये. श्री-लिपीचं रूपांतर करायचं, मग काही अक्षरं नाहीशी व्हायची, काहींच्या जागी चौकोन.

मामा : आणि तुमचे ते शेतकरी.

भाची : हो, शेतकरी! (हसते.) मोबाइलवर टाइप करताना पोरं साधा र घेतात, त्याला य जोडतात. त्याचा होतो रफार. 'शेतकऱ्यांना' लिहायला नुक्त्याचा ऱ लागतो, तो कुणाला माहीत नसतो. आमच्याकडे तर निम्मे लेख शेतीवर. पानोपानी 'शेतकर्यांना', 'कष्टकर्यांचे', 'दुसर्या'. मी म्हटलं सोपं आहे, एका झटक्यात सगळे बदलू.

मामा : आणि माझ्याकडे जे प्रूफ आलं त्यात पहिल्याच पानावर 'प्राचाऱ्यांचे मनोगत'!

भाची : सूर्याचा सूऱ्य झाला, कार्यक्रमाचा काऱ्यक्रम झाला. संगणकाला काय कळतंय, कुठला रफार खरा आणि कुठला चुकून आलेला. अकोल्याच्या एका मुलानं हरिश्चंद्रगडावर लिहिलं होतं. त्याच्या लेखात गडाच्या दऱ्यांच्या 'दर्या' झाल्या होत्या. दर्या हाही शब्द आहेच, त्यामुळे तो कुठल्याही तपासणीत सापडणार नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर आम्ही समुद्र आणून ठेवला होता. शेवटी एक-एक शब्द डोळ्यांनी बघितला. तीन जणी रात्री वसतिगृहात बसलो. एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं मूळ कागदावर बोट ठेवायचं, तिसरीनं दुरुस्ती करायची.

मामा : आमच्या वेळी छापखान्यात असंच प्रूफ वाचायचे. एक वाचायचा, एक बघायचा. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

भाची : कुणीच नाही. एकटीनं वाचलं की डोळा आपोआप बरोबर शब्द वाचतो, ते लक्षात आलं.

मामा : मग मी काय म्हणतोय? हेच तर खरं शिकणं. यात डिझाइन कुठं आलं? हे काम शाईच्या पेनानं, कागदावरही होतं. साने गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहात 'छात्रालय' दैनिक हातानं लिहून चालवलं. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढलं. आमच्या शाळेतही दरवर्षी हस्तलिखित निघायचं. एकच प्रत, रंगीत शाई, कडेनं वेलबुट्टी. ती वर्गावर्गात फिरायची आणि ती खरंच वाचली जायची. नगरात तर नियतकालिकाचं काम किती जुनं! 'ज्ञानोदय' १८४२ ला इथंच सुरू झालं, अमेरिकन मिशनचं. पुढे त्याच्या मराठी विभागाचं संपादन ना. वा. टिळकांनी केलं. तेव्हा लोकांनी मजकुराची काळजी केली. तुम्ही रंगाची करता.

भाची : हस्तलिखिताचं कौतुक सगळे करतात. मामा, तुमच्या शाळेत ते कोण लिहायचं?

मामा : ज्याचं अक्षर चांगलं तो.

भाची : म्हणजे दोघं-तिघं. बाकीचे लेख देणार आणि गप्प बसणार. ज्याचं अक्षर वाकडं त्याच्या हाताला कधी काम मिळालंच नाही. माझं अक्षर बघितलंय तुम्ही. हस्तलिखित असतं तर मी अंकाच्या जवळपाससुद्धा फिरकले नसते.

(मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे.)

मामा : बरं, ते राहू दे. फर्म्याचं सांग. तो हिशेब तुला मी शिकवला.

भाची : तुम्हीच. मला वाटायचं पानं कितीही असू शकतात. तुम्ही म्हणालात, एका मोठ्या कागदावर सोळा पानं, तो एक फर्मा, सोळाच्या पटीत आण. सात फर्मे, एकशे बारा पानं, एवढंच बजेट होतं. सगळं लावून झालं आणि साडेतीन पानं जास्त. आठवा फर्मा घ्यायचा तर पैसे नाहीत. अक्षर बारीक करा, असं आमच्या समितीतल्या एका सरांनी सांगितलं. मी नाही म्हटलं, कविता दोन-दोन एकत्र कोंबायलाही नाही म्हटलं. मग शोधत गेले की जागा खातंय कोण. अहवाल! प्रत्येक परिच्छेदात 'यांच्या शुभहस्ते', 'प्रमुख पाहुणे म्हणून', 'याप्रसंगी बहुसंख्य विद्यार्थी उपस्थित होते'. मी एनएसएसचा अख्खा अहवाल एका तक्त्यात बसवला. तारीख, गाव, काय काम केलं, किती मुलं. पाच पानांचं दीड पान झालं. साडेतीन पानं तिथंच सुटली.

मामा : आणि सर चिडले.

भाची : आधी चिडले. मग मी दोन्ही पानं शेजारी ठेवली. कोणत्या गावात बंधारा झाला ते पाच पानांत शोधून दाखवा म्हटलं. त्यांना सापडेना. तक्त्यात एका नजरेत दिसलं. त्यांनीच मग क्रीडा विभागाचा अहवालही तसाच करायला सांगितला. मजकुराची काळजी आणि मांडणीची काळजी वेगळी आहे, असं तुम्ही म्हणता ना? इथं वेगळी कुठं होती?

मामा : मुखपृष्ठावर मात्र तुम्ही तेच केलं जे सगळे करतात. चांदबीबीचा महाल.

भाची : फोटो चांगला होता हो. डोंगरावरून, पावसाळ्यातला. पण तो महाल नाहीच, सलाबतखानाची कबर आहे. हे मुखपृष्ठाची ओळ लिहिताना कळलं. समितीत म्हणणं असं की लोक चांदबीबीचा महालच म्हणतात, तसंच छापा. मी 'सलाबतखानाची कबर' मोठं घेतलं आणि खाली लहान अक्षरात 'चांदबीबीचा महाल म्हणून प्रसिद्ध'. अक्षरांच्या दोन आकारांत वाद मिटला.

मामा : जिल्ह्याच्या नावाचं काय केलं?

भाची : तो वाद इतका पटकन मिटला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिकृत नाव अहिल्यानगर झालं, तोवर निम्मे लेख आलेले होते. कुणी अहमदनगर, कुणी अहिल्यानगर, कुणी नुसतं नगर. एका पानावर एक आणि समोरच्या पानावर दुसरं. आम्ही नियम ठरवला. पत्ता, अहवाल आणि बातम्यांत अहिल्यानगर. संस्थांची नावं त्यांच्या नोंदणीत असतील तशी. आणि मुलांच्या आठवणींत, कवितांत त्यांनी जे लिहिलंय ते. आजी नगरला बाजाराला गेली, तर ती नगरलाच गेली. हा नियम एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवला, म्हणजे रोज नव्यानं भांडायला नको.

मामा : मग नोकरीच्या अर्जात काय लिहिलंस? टीमवर्क, लीडरशिप, कम्युनिकेशन?

भाची : लिहिलं. सगळे लिहितात. मुलाखत घेणाऱ्यांनी त्यातलं एकही विचारलं नाही. अंक चाळला आणि विचारलं, अनुक्रमणिकेत नाव आधी का? मी पाथर्डीच्या मुलीचं सांगितलं. मग ते अहवालाच्या तक्त्यावर थांबले. आधीचा अहवाल कसा होता ते विचारलं. तेवढ्यावर काम मिळालं.

मामा : तरी मी माझं म्हणणं सोडत नाही. पानं लावायला ऑपरेटर असतो, त्याचा हात बसलेला असतो, चुका कमी होतात. कॉलेजचे पैसे असतात ते. पोरांनी लेख निवडावेत, प्रूफ वाचावं, एवढं पुरे. तुझ्या हौसेपायी मला प्लेटा दोनदा काढाव्या लागल्या. रंगीत फोटो व्हॉट्सअॅपवरून घेतलेले, छापल्यावर नुसते ठिपके.

भाची : ते कबूल. मूळ फोटो मागायला हवे होते, आता मागते. पण ऑपरेटरनं पानं लावली असती तर साडेतीन पानं जास्त झाली हे मला कळलंच नसतं. त्यानं अक्षर बारीक केलं असतं आणि अंक वेळेवर आला असता. अहवाल कापायचं त्याच्या मनात येणार नाही, कारण कापायचा अधिकार त्याचा नाही. जागा कमी पडते तेव्हाच कळतं की कशाला किती जागा द्यायची.

मामा : आणि मशीनवर कधी उभी राहिलीस?

भाची : तुम्ही उभं केलं तेव्हा. एकदाच.

मामा : बघ. ते प्रत्येकानं करावं. प्लेट लागताना, कागद सुटताना बघावा. पानाच्या कडेला तीन मिलिमीटर जास्तीचा रंग का मागतो, ते कटिंग बघितल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. हे मात्र एकाही कॉलेजची पोरं करत नाहीत. पीडीएफ पाठवतात आणि अंक कधी मिळेल म्हणून फोन करतात.

इथं बोलणं थांबलं, कारण मामांच्या छापखान्यातून फोन आला, कोणाच्या तरी लग्नपत्रिकेत मुहूर्त चुकला होता.

मी स्वतः भाचीच्या बाजूचा आहे. पानं विद्यार्थ्यांनीच लावावीत, अंक दोन आठवडे उशिरा आला तरी चालेल. गुळगुळीत, बिनचूक आणि बाहेरून करून आणलेल्या अंकापेक्षा 'सूऱ्य' होऊन मग सूर्य झालेला अंक मला जास्त कामाचा वाटतो. प्रूफाच्या बाबतीत मात्र मामा सरळ बरोबर आहेत. आजच्या बहुतेक कॉलेज अंकांत 'शेतकर्यांना' तसंच छापलेलं दिसतं, कारण ते तीन जणींनी मोठ्यानं वाचलेलं नसतं.

अंकाचं काम पाहणाऱ्या प्राध्यापकांना माझं तीन गोष्टींचं मागणं आहे. परीक्षा संपल्यावर नव्हे, ऑगस्टमध्येच समिती बसवा. छपाईच्या दिवशी मुलांना छापखान्यात न्या, मामांसारखी माणसं अजून जिल्ह्यात आहेत आणि दाखवायला तयार आहेत. आणि श्रेयाच्या पानावर संपादक मंडळ, सल्लागार, मुद्रक यांच्या जोडीला मांडणी आणि मुद्रितशोधन करणाऱ्या मुलांची नावंही छापा. भाचीच्या अंकात मांडणीपुढे छापखान्याचं नाव आहे, तिचं नाही.